फळीचे सात गडी

१

इमारत पाहणाराची दृष्टि प्रथम कळसाकडे जाते. पायांत गाडलेल्या चिऱ्यांची विचारपूस करणारा विरळा. इतिहास लिहिणारांनाहि हीच संवय जडलेली आहे. लढाई कोणी जिंकली असें विचारलें कीं सेनापतीचें नांव पुढें येतें. खंदक खणणारे, दारूगोळा वाहणारे, वाटा करून देणारे यांचीं नांवें दप्तरांत सांपडलीं तरी बखरींत सांपडत नाहींत. या पक्षपाताच्या मुळाशीं दर वेळीं कृतघ्नताच असते असें आम्हांस वाटत नाहीं. पुष्कळदां कारण याहून साधें असतें. जें काम डोळ्यांना दिसत नाहीं तें नोंदलें जात नाहीं, आणि जें नोंदलें जात नाहीं तें पुढील पिढीच्या लेखीं झालेंच नसतें. हें कसें घडतें तें दाखविणारें एक उदाहरण आम्हीं या लेखासाठीं निवडलें आहे. तें राजकारणांतील नाहीं, रणांगणांतील नाहीं. क्रीडांगणांतील आहे, आणि तेंहि अमेरिकेतील. परंतु त्याचा बोध कोणत्याहि देशांतील वाचकास घेतां येण्यासारखा आहे.

फुटबॉल म्हटला कीं आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढें वाटोळा चेंडू व तो पायानें मारणारे गडी उभे राहतात. मुंबईस १८९१ पासून रोव्हर्स चषकासाठीं जे सामने झाले ते याच खेळाचे. अमेरिकेंतील कॉलेजांचा फुटबॉल मात्र निराळा. त्यांतील चेंडू लांबट असतो, तो बहुतेक वेळ हातांत घेऊन धांवावयाचें असतें, आणि प्रतिपक्षानें धांवणारास धरून खालीं पाडावयाचें असतें. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलें पाहिजे. न सरकल्यास चेंडू दुसऱ्या पक्षाकडे जातो. प्रत्येक बाजूस अकरा गडी. १९२४ च्या सुमारास त्यांपैकीं सात जण अगदीं पुढें, प्रतिपक्षाच्या नाकासमोर, एका ओळींत वांकून उभे राहत. चार जण त्यांच्या मागें. चेंडू घेऊन धांवणारे हे मागचे चौघे. पुढच्या सातांनीं करावयाचें तें एवढेंच, कीं समोरच्या गड्यास आपल्या अंगानें अडवून धांवणारास वाट मोकळी करून द्यावी. मध्यें उभा असतो तो सेंटर. त्याच्या दोहों बाजूंस दोन गार्ड, त्यांच्या पलीकडे दोन टॅकल, आणि टोकांस दोन एंड. या सातांच्या ओळीस आम्ही पुढें ‘फळी’ असें म्हणणार आहों.

२

ही फळी कांहीं पहिल्यापासून अशी नव्हती. १८६९ सालीं रटगर्स व प्रिन्स्टन या दोन कॉलेजांमध्यें जो सामना झाला, त्यास अमेरिकन कॉलेज-फुटबॉलचा आरंभ मानतात. परंतु त्या सामन्यांत प्रत्येक बाजूस पंचवीस गडी होते, व चेंडू उचलून धांवण्यास परवानगी नव्हती. फळीचा खरा जन्म १८८० सालचा. येल कॉलेजांतील वॉल्टर कँप याच्या सूचनेवरून त्या वर्षीं दोन गोष्टी ठरल्या: गड्यांची संख्या अकरा असावी, आणि रग्बींतील झोंबाझोंबीच्या जागीं एका निश्चित रेषेवरून चेंडू मागें देऊन खेळ सुरू करावा. रेषा आली म्हणजे तिच्यावर उभे राहणारे आले. १८८२ सालीं तीन प्रयत्नांत पांच यार्ड पुढें सरकलेंच पाहिजे असा नियम झाला, आणि त्या रेषेवरील प्रत्येक वितीस किंमत चढली. पुढें १८८८ सालीं कमरेच्या खालींहि धरून पाडण्यास मोकळीक मिळाली. मोकळ्या मैदानांत धांवणारा आतां सहज आडवा होऊं लागला. म्हणून त्याच्या संरक्षणासाठीं पुढचे गडी खांद्यास खांदा लावून दाटीनें उभे राहूं लागले.

या दाटींतून जें निर्माण झालें तें खेळाच्या इतिहासांतील एक काळें प्रकरण आहे. १८९२ सालच्या हार्वर्ड-येल सामन्यांत हार्वर्डच्या गड्यांनीं पाचरीच्या आकाराचा व्यूह रचून, दुरून धांवत येऊन, येलच्या एकेका गड्यावर एकदम आघात केला. ही युक्ति लॉरिन डिलँड नांवाच्या एका बोस्टनकर गृहस्थाची. तो बुद्धिबळाचा व युद्धशास्त्राचा नादी होता, परंतु फुटबॉल मात्र जन्मांत कधीं खेळला नव्हता! कागदावर लढाई आंखणाराला हाडें मोडल्याचा आवाज ऐकूं येत नाहीं, ही गोष्ट खेळांतहि खरी ठरली. दोन वर्षांत हा ‘उडता व्यूह’ नियमानें बंद करावा लागला, तरी एकमेकांचे हात धरून, धांवणारास ढकलीत व ओढीत पुढें नेण्याची पद्धत चालूच राहिली. १९०५ सालच्या हंगामांत या खेळापायीं अठरा जण दगावल्याची मोजदाद त्या वेळच्या वृत्तपत्रांनीं केली. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींस व्हाईट हाउसमध्यें बोलावून खेळ सुधारण्याची ताकीद दिली.

सुधारणा झाली, परंतु टप्प्याटप्प्यानें. १९०६ सालीं चेंडू पुढें फेंकण्यास परवानगी मिळाली, तीन प्रयत्नांत दहा यार्डांची अट आली, आणि दोन्ही फळ्यांच्या मध्यें चेंडूच्या लांबीएवढी मोकळी जागा ठेवावी असें ठरलें. १९१० सालीं त्याहून महत्त्वाचा नियम झाला. आक्रमण करणाऱ्या पक्षाचे निदान सात गडी रेषेवर असलेच पाहिजेत, आणि कोणींहि एकमेकांस धरून किंवा धांवणारास ढकलून पुढें नेतां कामा नये. या नियमानें फळीचें रूप पालटलें. आतां प्रत्येक गड्यास आपापल्या समोरच्या गड्याशीं स्वतंत्रपणें भिडावें लागलें. झुंडीचें बळ जाऊन त्याच्या जागीं पायांची चपळाई, कोनाचा अंदाज व क्षणाचें भान यांस महत्त्व आलें. ज्या सात जणांची हकीकत आम्ही सांगणार आहों ते या नव्या विद्येचे विद्यार्थी होते.

३

इंडियाना संस्थानांत साउथ बेंड या गांवाजवळ नोटर डेम नांवाचें विद्यापीठ आहे. १८४२ सालीं एडवर्ड सोरिन या फ्रेंच धर्मोपदेशकानें त्याचा पाया घातला. तेथील विद्यार्थ्यांत स्थलांतर करून आलेल्या कॅथलिक कुटुंबांतील मुलांचा भरणा मोठा होता. १९२४ सालीं ही गोष्ट निव्वळ माहितीची नव्हती. त्या वर्षीं इंडियानामध्यें कू क्लक्स क्लॅन या संघटनेचें बळ इतकें वाढलें होतें, कीं तिच्या पाठिंब्यानें उभा असलेला उमेदवार नोव्हेंबरांत गव्हर्नर म्हणून निवडून आला. कॅथलिक, ज्यू, निग्रो व परदेशांतून आलेले लोक यांच्याविरुद्ध ही संघटना होती. १७ मे १९२४ रोजीं तिनें साउथ बेंड येथेंच मेळावा बोलाविला, आणि नोटर डेमच्या विद्यार्थ्यांनीं स्टेशनावर जाऊन तिच्या सभासदांचे झगे हिसकावून घेतले. दोन दिवसांनीं पुन्हां चकमक झाली, तेव्हां विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांना स्वतः गांवांत जाऊन विद्यार्थ्यांची समजूत घालून त्यांना परत आणावें लागलें. त्या वर्षींचा फुटबॉलचा हंगाम सुरू होण्यास त्या वेळीं जेमतेम साडेचार महिने उरले होते. आपल्याला या देशांत परके समजतात हें उघड्या डोळ्यांनीं पाहिलेलीं हीं मुलें त्या वर्षीं मैदानांत उतरणार होतीं.

त्यांचा क्रीडाशिक्षक नूट रॉकनी हाहि परदेशांत जन्मलेलाच. १८८८ सालीं नॉर्वेंतील व्हॉस गांवीं त्याचा जन्म झाला, व लहानपणींच तो शिकागोस आला. नोटर डेममध्यें त्यानें रसायनशास्त्राचा अभ्यास केला, कांहीं काळ तें शिकविलेंहि. आणि १९१८ पासून संघाचें मुख्य शिक्षकपद त्याच्याकडे आलें. स्वतः तो फळीच्या टोकाचा, म्हणजे एंडच्या जागेचा गडी होता.

१९२४ च्या हंगामापूर्वीं रॉकनीपुढें कोणता प्रश्न होता? मागच्या चौघांचा नव्हताच. स्टुलड्रेहर, क्रौली, डॉन मिलर व लेडन हे चौघे १९२२ पासून एकत्र खेळत आले होते व एकमेकांची चाल डोळे मिटून ओळखीत होते. त्यांचें वजन सुमारें एकशें साठ पौंडांच्या आसपास; म्हणजे त्या काळच्या मानानेंहि ते हलकेच. अशा हलक्या गड्यांस वाट मिळाली तर ते वाऱ्यासारखे जातील, न मिळाली तर पाचोळ्यासारखे उडतील, हें सांगावयास ज्योतिषी नको होता. या दोन वर्षांत नोटर डेमचा पराभव फक्त दोनदां झाला होता, आणि दोन्ही वेळीं एकाच संघाकडून. १९२२ सालीं नेब्रास्कानें त्यांस १४-६ असें हरविलें, १९२३ सालीं १४-७ असें. दोन्ही सामने नेब्रास्काच्याच मैदानावर झाले. नेब्रास्काचे पुढचे गडी धिप्पाड होते, आणि पराभवाचें मूळ तेथेंच होतें. शिवाय प्रेक्षकांनीं कॅथलिक म्हणून केलेली हेटाळणी नोटर डेमचे गडी विसरले नव्हते. येत्या नोव्हेंबरांत तोच संघ साउथ बेंडला येणार होता.

अशा वेळीं फळींत भगदाडें पडलेलीं होतीं. १९२३ चा कर्णधार हार्वे ब्राउन हा गार्ड शिक्षण पुरें करून गेला. जीन ओबर्स्ट हा टॅकलहि गेला. याच ओबर्स्टनें १९२४ च्या उन्हाळ्यांत पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत भालाफेकींत तिसरें पदक मिळविलें, यावरून तो किती ताकदीचा होता याची कल्पना यावी. या जागा भरून जी फळी उभी राहिली तिची नांवें अशीं: मध्यें सेंटर ॲडम वॉल्श, गार्डच्या जागीं नोबल कायझर व जॉन वायबल, टॅकलच्या जागीं जो बाक व एडगर मिलर, एंडच्या जागीं चक कॉलिन्स व एड हंटसिंगर. हे कांहीं भीमकाय नव्हते. सर्वांत जड गडीहि दोनशें पौंडांच्या आंतच होता.

मग नेब्रास्कासारख्या जड फळीला हे कसे पुरे पडणार? रॉकनीचें उत्तर असें, कीं त्यांनीं पुरें पडावयाचेंच नाहीं. त्याच्या रचनेंत मागचे चौघे चेंडू निघण्यापूर्वीं एका ठेक्यांत डावीकडे किंवा उजवीकडे सरकत, आणि पाय टेकतांच खेळ सुरू होई. समोरच्या फळीस नवी जागा घेण्यास सवड मिळण्यापूर्वींच धांवणारा तेथून निघून गेलेला असे. म्हणून पुढच्या गड्यानें प्रतिस्पर्ध्यास दहा क्षण रेटून धरण्याचें कारण नव्हतें. अचूक कोनांतून, अचूक क्षणीं एक धक्का देऊन त्याचा तोल घालविला कीं काम झालें. गार्डांनीं तर आपली जागा सोडून धांवणाराच्या पुढें पुढें पळत त्याची वाट साफ करावयाची. हें सारें शक्तीपेक्षां अभ्यासानें साधणारें होतें. तोच आघात, तोच कोन, तेंच पहिलें पाऊल, हें शेकडों वेळां घोटून अंगवळणीं पाडावें लागे. गवयाच्या पलट्यांसारखाच हा प्रकार. त्यांतील मेहनत श्रोत्यांस ऐकूं येत नाहीं, पण ती नसली तर मैफल बेसूर होते.

सेंटरचें काम सर्वांत कठीण. त्या रचनेंत चेंडू हातीं देण्याची सोय नव्हती. वांकून, दोन पायांमधून मागें पाहून, सरकत्या गड्याच्या हातांत तो नेमका फेंकावा लागे, आणि त्याच क्षणीं समोरच्याचा धक्काहि सोसावा लागे. एक चेंडू हातभर बाजूस गेला तर साऱ्या संघाची चाल फसली. येथें एक गोष्ट वाचकांच्या नजरेस आणावीशी वाटते. त्या वर्षीं गड्यांचा कर्णधार कोण होता? चौघांपैकीं कोणी नव्हे. सेंटर ॲडम वॉल्श. जगाला जें पुढें कळावयाचें होतें, किंवा कळावयाचेंच नव्हतें, तें या मुलांस आरंभींच कळलेलें होतें.

४

४ ऑक्टोबर १९२४ रोजीं लाँबर्ड कॉलेजचा ४०-० असा पराभव करून हंगाम सुरू झाला. पुढच्या आठवड्यांत वाबाश ३४-० नें हरलें. १८ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर आर्मी, म्हणजे वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाचा संघ, समोर आला. हा सामना नोटर डेमनें १३-७ असा जिंकला. या सामन्यांत ॲडम वॉल्शच्या दोन्ही हातांचीं हाडें मोडलीं; तरीहि त्यानें मैदान सोडलें नाहीं, आणि वर शेवटच्या भागांत प्रतिपक्षानें फेंकलेला एक चेंडू मध्येंच पकडला. मोडलेल्या हातांनीं सरकत्या गड्यांकडे चेंडू धाडीत राहणें म्हणजे काय, हें वर सांगितलेल्या कामावरून समजेल.

परंतु दुसऱ्या दिवशीं अमेरिकेनें वाचलें तें निराळेंच. वार्ताहरांच्या कक्षांत ग्रँटलंड राइस हा त्या काळचा सर्वांत वाचला जाणारा क्रीडालेखक बसला होता. त्यानें आपल्या वृत्तान्ताच्या आरंभींच मागच्या चौघांस बायबलांतील प्रकटीकरणाच्या ग्रंथांतल्या चार संहारक घोडेस्वारांची उपमा दिली. विद्यापीठाच्या प्रसिद्धीचें काम पाहणारा जॉर्ज स्ट्रिकलर हा विद्यार्थी तेथें हजर होता. त्या घोडेस्वारांवरील चित्रपट नुकताच पाहिल्यामुळें मध्यंतरांत ती कल्पना आपणच बोलून दाखविली, असें तो पुढें सांगत असे. तें कसेंहि असो. स्ट्रिकलर साउथ बेंडला परतला तो घोडे शोधीतच. सोमवारीं चौघांना त्यांच्या खेळाच्या पोशाखांत, हातांत चेंडू देऊन, चार घोड्यांवर बसवून त्यानें छायाचित्र काढविलें, आणि तें देशभर छापून आलें. त्या चित्रांत सात जणांसाठीं घोडा नव्हता. घोड्यांच्या मागोमाग विनोदानें त्यांना नांव मिळालें तें ‘सात खेचरें’. घोडा मिरवितो, ओझें खेचर वाहतें! त्या नांवांत उपहास होता खरा. परंतु तें त्यांनीं हंसत स्वीकारलें, आणि आमच्या मतें त्यांत सत्याचा अंशहि होता.

याच काळच्या दोन आख्यायिका सांगतात. एका सामन्यांत रॉकनीनें चौघा घोडेस्वारांस मैदानावर ठेवून सातहि खेचरांस बाहेर बसविलें व राखीव फळी पुढें केली. चौघांस एक पाऊल पुढें टाकतां येईना. तेव्हां तुमचीं वर्तमानपत्रांतील कात्रणें समोरच्यांस दाखवा, म्हणजे ते वाट देतील, असा टोमणा रॉकनीनें मारला म्हणतात. दुसरी आख्यायिका अशी, कीं संघाला अधिक महत्त्वाचे कोण, घोडेस्वार कीं खेचरें, यावर अकरा जणांनीं मतें दिलीं, आणि खेचरें सात विरुद्ध चार मतांनीं निवडून आलीं. या गोष्टी अक्षरशः घडल्या कीं नाहीं हा प्रश्न गौण आहे. संघाच्या गड्यांस आपसांत हिशेब बरोबर माहीत होता, एवढें त्यांवरून नक्की दिसतें.

त्यानंतर प्रिन्स्टन, जॉर्जिया टेक व विस्कॉन्सिन हे संघ क्रमानें हरले, आणि १५ नोव्हेंबर रोजीं नेब्रास्काचा संघ आला. दोन वर्षांचें देणें त्या दिवशीं फिटलें: नोटर डेम ३४, नेब्रास्का ६. ज्या फळीनें पूर्वीं वाट अडविली होती तीच या वेळीं ठिकठिकाणीं उघडी पडली. पुढें नॉर्थवेस्टर्न व कार्नेगी टेक यांवर जय मिळवून संघ आगगाडीनें कॅलिफोर्नियास गेला आणि १ जानेवारी १९२५ रोजीं रोझ बोलच्या सामन्यांत त्यानें स्टॅनफर्डचा २७-१० असा पराभव केला. त्या दिवशीं चार वेळां नोटर डेमचा गडी चेंडू घेऊन अंतिम रेषेपार गेला. तीन वेळां तो लेडन होता. चौथ्या वेळीं मात्र घोडेस्वार नव्हे, एंड हंटसिंगर हें खेचर होतें! दहा सामने, दहा विजय. केलेले गुण २८५, दिलेले ५४.

५

आतां कीर्तीचा हिशेब पाहूं. अमेरिकेंत कॉलेज-फुटबॉलच्या थोर खेळाडूंसाठीं एक कीर्तिमंदिर आहे. त्यांत चारहि घोडेस्वारांस स्थान मिळालें. सात खेचरांपैकीं दोघांस मिळालें: एडगर मिलरला १९६६ सालीं व ॲडम वॉल्शला १९६८ सालीं. १९९८ सालीं अमेरिकन टपालखात्यानें विसाव्या शतकाच्या स्मरणार्थ तिकिटें काढलीं, तेव्हां एकावर घोडेस्वार झळकले. खेचरांचें तिकीट निघालें नाहीं.

हा अन्याय कोणी ठरवून केला का? तसें आम्हांस वाटत नाहीं. राइस उंचावरून पाहत होता. आणि प्रेक्षकाची नजर जेथें चेंडू जातो तेथें जाते. चेंडू सेंटरच्या हातून निघतांच नजरहि फळीला सोडून जाते. त्याहून मोठें कारण नोंदवहींत आहे. धांवणारानें किती यार्ड तोडले, किती चेंडू फेंकले, किती गुण केले, यांस रकाने आहेत. समोरच्या माणसाचा तोल नेमक्या क्षणीं घालविला, यास रकाना नव्हता. शंभर वर्षांनीं त्या सामन्यांचा अभ्यास करणारास धांवणारांचे आंकडे मिळतात. त्यांच्या वाटा कोणीं केल्या तें कळण्यास बहुधा आख्यायिकांकडेच वळावें लागतें. इतिहासाचें मौन पुष्कळदां असें कोऱ्या कागदांतून जन्मतें.

या नियमास एक अपवाद दाखवितां येईल. आणि गंमत अशी, कीं त्याचा कर्ता एक घोडेस्वारच आहे. जिम क्रौली १९३३ पासून न्यूयॉर्कच्या फोर्डहम विद्यापीठाचा क्रीडाशिक्षक झाला. नोटर डेममध्यें रॉकनीच्या हाताखालीं टॅकल म्हणून खेळलेला फ्रँक लेही हा फळी शिकविण्यासाठीं त्याच्याबरोबर होता. आपण कोणाच्या खांद्यावरून धांवलों हें क्रौली विसरला नव्हता असें दिसतें; कारण त्यानें जी फळी घडविली ती ‘ग्रॅनाइटचे सात चिरे’ म्हणून प्रसिद्ध झाली, आणि त्या संघाच्या मागच्या चौघांचीं नांवें आज जाणकारांसहि पटकन आठवत नाहींत. १९३५, १९३६ व १९३७ अशीं लागोपाठ तीन वर्षें पिट्सबर्गसारख्या बलाढ्य संघाशीं फोर्डहमचे सामने ०-० असे बरोबरींत सुटले. १९३६ सालीं या सातांत व्हिन्स लोंबार्डी नांवाचा एक बुटका गार्ड होता. पुढें तोच ग्रीन बेच्या व्यावसायिक संघाचा विख्यात शिक्षक झाला, आणि त्याची सर्वांत गाजलेली चाल होती ती दोन गार्डांनीं जागा सोडून धांवणाराच्या पुढें पळण्याची.

परंतु हा अपवाद नीट पाहिला तर नियमच सिद्ध करतो. त्या काळीं तेच अकरा गडी आक्रमणहि करीत व बचावहि. ०-० हा आंकडा बचावाचा गौरव सांगतो. प्रतिपक्षाचा धांवणारा फळीवर आपटून थांबला कीं चेंडू तेथेंच थांबतो, आणि प्रेक्षकाची नजरहि तेथेंच थांबते. म्हणजे फोर्डहमच्या सातांना कीर्ति मिळाली ती त्यांच्या अर्ध्या कामाबद्दल. वाट अडविल्याबद्दल, वाट करून दिल्याबद्दल नव्हे. पुढें १९४१ सालीं गडी बदलण्याची मोकळीक मिळाली, १९५३ सालीं ती काढून घेण्यांत आली, आणि १९६० नंतरच्या दशकांत पुन्हां देण्यांत आली. तेव्हांपासून आक्रमणाचा संघ निराळा व बचावाचा निराळा झाला. आक्रमणाच्या फळीच्या वांट्यास दिसणारें अर्धें काम गेलें तें कायमचें. उरलें तें न दिसणारें.

त्याचा परिणाम पारितोषिकांच्या यादींत दिसतो. सर्वोत्तम कॉलेज-खेळाडूस १९३५ पासून हाइझमन पारितोषिक देतात. सेंटर, गार्ड किंवा टॅकल यांपैकीं कोणालाहि तें कधीं मिळालेलें नाहीं; १९७३ सालीं ओहायो स्टेटचा टॅकल जॉन हिक्स दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोंचला, एवढेंच. आंतल्या फळींतील गड्यांसाठीं १९४६ पासून आउटलँड पारितोषिक निराळें ठेवावें लागलें, आणि १९७० सालीं लोंबार्डीच्या नांवानें आणखी एक सुरू झालें.

६

आजची फळी पाहिली तर १९२४ चे सात जण तिच्यापुढें पोरसवदा दिसतील. तेव्हां दोनशें पौंडांखालीं असलेला गडी आज तीनशें पौंडांवर गेला आहे. हंगामापूर्वींच्या तालमी महिनोन् महिने चालतात, आहार तोलून दिला जातो, चलच्चित्रांवर प्रत्येक पावलाची चिकित्सा होते. परंतु मूळ काम बदललेलें नाहीं, आणि त्याची किंमतहि टळलेली नाहीं. १९२४ सालीं चामड्याचें शिरस्त्राण घालणेंहि ऐच्छिक होतें. कॉलेजांत तें सक्तीचें झालें १९३९ सालीं. त्यानंतर शिरस्त्राणें कितीहि सुधारलीं तरी जवळजवळ प्रत्येक खेळीस डोकें आपटण्याचा प्रसंग फळीवरच येतो. असे लहान लहान आघात वर्षानुवर्षें सोसल्यानें मेंदूस कायमची इजा होऊं शकते, हें गेल्या कांहीं दशकांच्या वैद्यकीय संशोधनानें दाखविलें आहे. १९०५ सालीं प्रश्न होता तो मैदानावर पडणाऱ्या प्रेतांचा; आज तो चाळिशी-पन्नाशींत हरवणाऱ्या स्मृतीचा आहे. न दिसणाऱ्या कामाची इजाहि बराच काळ न दिसणारी असते. म्हणूनच त्या कामाची नोंद ठेवणें हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाहीं. ज्याचे आघात कोणी मोजीत नाहीं त्याच्या जखमेची जबाबदारीहि कोणी घेत नाहीं.

या दृष्टीनें २०१५ सालीं सुरू झालेलें जो मूर पारितोषिक आम्हांस लक्षणीय वाटतें. पिट्सबर्ग व नोटर डेम येथें फळी शिकविणाऱ्या एका शिक्षकाच्या नांवाचें हें पारितोषिक कोणा एका गड्यास मिळत नाहीं. वर्षांतील सर्वोत्तम आक्रमक फळीस, तिच्या साऱ्या गड्यांस मिळून, तें दिलें जातें. फळीची विद्या एकट्यानें सिद्ध होतच नाहीं हें त्यांत मान्य केलें आहे. कारण चौघांनीं आपलें काम चोख केलें आणि पांचव्याचें पाऊल चुकलें, तर धांवणारा पडतोच. २०१७ सालीं तें नोटर डेमच्या फळीस मिळालें. आणि २०२४ सालीं, म्हणजे पोलो ग्राउंड्सवरील त्या सामन्याला बरोबर शंभर वर्षें झालीं त्या वर्षीं, तें मिळालें आर्मीच्या फळीस.

सात खेचरांपैकीं कित्येकांनीं पुढें शिक्षकाचा पेशा पत्करला. वॉल्शनें १९४५ सालीं क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघास अजिंक्यपद मिळवून दिलें. कायझरनें पर्ड्यू येथें, कॉलिन्सनें नॉर्थ कॅरोलायना येथें, बाकनें पिट्सबर्ग येथें संघ घडविले. एडगर मिलरनें आपलें बहुतेक आयुष्य नौदलाच्या विद्यालयांतील मुलांस शिकविण्यांत वेंचलें. स्वतःस घोडा न मिळालेल्या माणसांनीं पुढच्या पिढ्यांस वाट करून दिली, हें त्यांच्या पूर्वचरित्रास साजेसेंच झालें. सोमवारचें तें छायाचित्र आजहि छापलें जातें, व पुढेंहि छापलें जाईल. तें पाहणारानें चार घोड्यांच्या पुढची मोकळी जागा क्षणभर निरखून पाहावी, एवढेंच आमचें मागणें आहे. ती वाट मुळांत मोकळी नव्हती. सात जणांनीं ती केली होती.